जॉर्जियातल्या शेतकरी घराण्याची वंशावळ: आडनाव सोडा, जमीन धरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमचे यजमान अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या पश्चिम भागातल्या एका गोऱ्या शेतकरी घराण्यातले, मूळ हॅरलसन काउंटीचे (काउंटी म्हणजे राज्यातला लहानसा जिल्हा), शेजारच्या अलाबामा राज्याच्या सीमेलगतचे. आजेसासऱ्यांच्या वडिलांपर्यंत नावे ठाऊक आहेत. त्यापुढे आडनाव इतके सर्रास आढळते की इंटरनेटवरच्या प्रत्येक वंशवृक्षात वेगळाच मूळपुरुष निघतो. खापरपणजी चेरोकी, म्हणजे अमेरिकेतल्या त्या नावाच्या मूळ रहिवासी जमातीतली, होती असे घरात सांगतात. मुलीसाठी सहा-सात पिढ्यांची खरी वंशावळ हवी आहे आणि सुरुवात कुठून करावी ते कळत नाही.

ताई, हे काम नक्की होण्यासारखे आहे. मात्र दक्षिणेतल्या शेतकरी घराण्यांच्या बाबतीत एक गोष्ट पहिल्या दिवसापासून धरून ठेवा. माग आडनावाचा काढू नका, जमिनीचा आणि शेजाऱ्यांचा काढा. एकाच काउंटीत एकाच आडनावाचे चार-चार विल्यम आणि जॉन असतात आणि त्यांच्या बायका मेरी नाहीतर सारा. यातला आपला कोणता, हे नुसत्या नावावरून कधीच ठरत नाही. तो कोणत्या ओढ्याकाठी राहत होता, त्याच्या बांधाला कोण होते, त्याला जामीन कोण राहिले, तो कोणत्या चर्चचा, यावरून तो ओळखू येतो. आपल्याकडे सातबारा आणि फेरफार एकापुढे एक लावत मालकी मागे नेतात, तसे इथे माणसाला मागे न्यायचे असते.

म्हणून आधी काउंटीचा इतिहास बघा. जॉर्जियात आज १५९ काउंट्या आहेत आणि बहुतेक जुन्या काउंट्या तोडूनच नव्या झाल्या. हॅरलसन १८५६ साली कॅरल आणि पोल्क या काउंट्यांतून निघाली. म्हणजे घराणे एकाच शेतावर बसून राहिले असले, तरी १८५५चे खरेदीखत कॅरलच्या (कॅरलटन गावातल्या) किंवा पोल्कच्या कोर्टात असणार आणि १८५७चे हॅरलसनच्या, म्हणजे बुकॅनन गावातल्या. शेजारची अलाबामातली क्लीबर्न काउंटी तर १८६६ साली झाली. सीमेपलीकडे जाऊन लग्न लावणे, भावाच्या शेजारी जमीन घेणे हे तिथे रोजचे होते, म्हणून तुमचा शोध दोन राज्यांत एकदमच चालवावा लागेल. दोन्हीकडे कायदे आणि नोंदवह्या वेगळ्या आहेत.

याच इतिहासातून खोटे वंशवृक्ष उघडे पाडायची सोपी कसोटी मिळते. कॅरल काउंटी १८२६ साली क्रीक या मूळ रहिवासी लोकांच्या भूमीतून कोरली गेली. ही भूमी देऊन टाकणाऱ्या १८२५च्या इंडियन स्प्रिंग्जच्या तहावर सही करणाऱ्या विल्यम मॅकिंटॉश या क्रीक सरदाराला त्याच्याच लोकांच्या परिषदेने त्याच वर्षी देहदंड दिला. पुढच्या वर्षी दुसरा तह झाला आणि १८२७च्या सोडतीत ही जमीन २०२.५ एकरांच्या तुकड्यांनी गोऱ्या जॉर्जियनांना वाटली गेली. तेव्हा तुमचा मूळपुरुष १७९५ साली ‘कॅरल काउंटीत’ जन्मला असे कोणी लिहिले असेल, तर तो वृक्ष तिथेच बाजूला ठेवा. तो माणूस दुसरीकडून आला, आणि कुठून आला हाच तर आपला प्रश्न आहे.

आता मागे चालायला लागू. अमेरिकेची खानेसुमारी दर दहा वर्षांनी होते आणि ७२ वर्षांनी खुली होते. १९५०ची २०२२ साली खुली झाली. त्यात आजेसासऱ्यांना शोधा आणि एकही टप्पा न गाळता मागे जा. १९४०च्या नोंदीत तो माणूस १९३५ साली कुठे राहत होता हेही कळते. १९००ची खानेसुमारी मला सर्वांत प्रिय आहे. तिच्यात जन्माचा महिना आणि वर्ष आहे, लग्नाला किती वर्षे झाली ते आहे, आणि प्रत्येक आईला किती मुले झाली व त्यांतली किती हयात आहेत तेही आहे. सात झाली आणि चार हयात, असे दिसले की तीन कबरी शोधायच्या आहेत हे कळते.

मग येते मोठी पोकळी. १८९०च्या खानेसुमारीचे कागद १९२१ साली वॉशिंग्टनमधल्या वाणिज्य खात्याच्या इमारतीत लागलेल्या आगीत सापडले आणि जे वाचले तेही पुढे नष्ट केले गेले. १८८० ते १९०० या वीस वर्षांत मूल जन्मते, वाढते, लग्न करून निघून जाते, आणि खानेसुमारीत त्याचा पत्ताच नसतो. जॉर्जियात ही पोकळी करवह्यांनी भरते. १८७२ नंतरच्या, राज्याकडे गेलेल्या प्रती बऱ्याच काउंट्यांच्या शाबूत आहेत. मुलगा एकवीस वर्षांचा झाला की डोईपट्टीसाठी त्याचे नाव वहीत चढते. वर्षामागून वर्ष वह्या बघितल्या की १८८७ साली अचानक एक नवे नाव म्हाताऱ्याच्या नावाखाली दिसते, आणि मुलाचे जन्मवर्ष व बाप दोन्ही हाती लागतात. शिवाय जमिनीच्या लॉटचा, म्हणजे मोजून पाडलेल्या तुकड्याचा, क्रमांक आणि मिलिशिया डिस्ट्रिक्टचा क्रमांक तिथेच असतो. हे डिस्ट्रिक्ट मूळचे गावोगावच्या पलटणींसाठी आखलेले. जॉर्जियाची खानेसुमारी आणि करवही दोन्ही त्यावरच लावलेली असतात. तुमच्या घराण्याचा डिस्ट्रिक्ट क्रमांक एकदा ठरला की सारख्या नावाची माणसे आपोआप वेगळी होतात.

१८८०च्या नोंदीत कुटुंबप्रमुखाशी नाते आणि आईबापांचे जन्मराज्य दिलेले आहे. १८७०, १८६० आणि १८५०च्या नोंदींत नाते लिहिलेले नाही, फक्त नावे, वये आणि जन्मराज्य. घरातली तरुण बाई मुलगी, सून की धाकटी दुसरी बायको, हे तुम्हाला दुसऱ्या कागदाने सिद्ध करावे लागते. १८५०च्या मागे तर फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव, आणि बाकीच्यांची वयोगटाप्रमाणे मोजणी. त्यात जॉर्जियाची १७९०, १८०० आणि १८१०ची खानेसुमारी ओग्लथॉर्प काउंटीची १८०० सालची नोंद सोडली तर राहिलेलीच नाही. प्रत्येक वेळी ते एकच नाव न बघता पूर्ण पान वाचा, आधीचे आणि नंतरचेही. मोजणीदार घरोघर चालत जायचा, तेव्हा पानावरचा शेजार हा जमिनीवरचाही शेजार असतो. आडनाव त्याने कानाला ऐकू आले तसे लिहिले, म्हणून वेगळ्या स्पेलिंगमुळे आपला माणूस सोडून देऊ नका.

जन्म-मृत्यूच्या दाखल्यांची आशा मर्यादित ठेवा. राज्यभर नोंदणी अलाबामात १९०८ साली सुरू झाली, जॉर्जियात १९१९ साली. त्याआधी खेड्यात जन्मलेल्याचा सरकारी दाखला जवळपास नसतोच. पण इथे एक वाट आहे आणि ती फार लोकांना सुचत नाही. सोशल सिक्युरिटी ही सरकारी निवृत्तिवेतनाची योजना १९३५ साली आली आणि दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांत नोकऱ्या निघाल्या, तेव्हा वय सिद्ध करायला हजारो प्रौढांनी उशिराचे जन्मदाखले काढले. त्यांना पुरावा म्हणून घरच्या बायबलमधली नोंद, सुईणीचे किंवा थोरल्या बहिणीचे प्रतिज्ञापत्र जोडलेले असते. सोशल सिक्युरिटीच्या मूळ अर्जात आईचे माहेरचे आडनावही असते. मात्र शेतमजूर आणि घरकामगार त्या योजनेत आरंभी नव्हतेच. ते पन्नाशीच्या दशकात आत आले. म्हणून वाट्याने शेती करणाऱ्या खापरपणजोबांचा १९३७ सालचा अर्ज सापडला नाही, तर १९५५च्या आसपासचा शोधा. १९१७-१८च्या सैन्यभरतीच्या नोंदणीत साधारण १८७२ ते १९०० दरम्यान जन्मलेला जवळजवळ प्रत्येक पुरुष आहे, मग तो लढाईला गेलेला असो वा नसो. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र एक खूण लक्षात ठेवा. मृत्यूची तारीख डॉक्टरने दिलेली असते, पण मृताच्या आईबापांची नावे जावयाने किंवा शेजाऱ्याने सांगितलेली असू शकतात. माहिती देणाऱ्याचे नाव आधी वाचा, मग त्या नावांवर किती भरवसा ठेवायचा ते ठरवा.

आता खऱ्या खाणीकडे येते: काउंटीचे कोर्ट. लग्नाच्या परवान्यावर आईबापांची नावे नसतात, त्यामुळे तिथून तारीख घेऊन पुढे चला. सगळा भर वारसाच्या कागदांवर द्या. मृत्युपत्र न करता शेतकरी मेला तर उलट जास्त कागद तयार होतात. मालमत्तेची यादी होते, लिलाव होतो आणि कोणी काय घेतले ते लिहिले जाते. विधवेला वर्षभराचा निर्वाह काढून दिला जातो. मुले लहान असतील तर पालक नेमला जातो आणि तो दरवर्षी कोर्टाला हिशेब देतो. त्या हिशेबांत एखाद्या वर्षी मुलीच्या नावाऐवजी जावयाचे नाव यायला लागते, आणि लग्नाची नोंद हरवलेली असली तरी लग्न सिद्ध होते. या कागदांत मुलांना ‘अनाथ’ म्हटले असेल तर आईही वारली असे धरू नका. बाप गेला एवढाच त्याचा कायदेशीर अर्थ होता. तसेच ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ हे बापलेक असतीलच असे नाही. गावात एकाच नावाचा मोठा आणि लहान एवढेच त्यातून कळते, आणि मोठा वारला की लहानाचे उपपद बदलते.

खरेदीखताच्या शेवटी साक्षीदार कोण आहेत ते बघा. ‘प्रेमापोटी’ दिलेले बक्षीसपत्र आणि नाममात्र एका डॉलरची विक्री ही बहुधा बापाने मुलाला किंवा जावयाला दिलेली जमीन असते. आणि भावंडांनी मिळून एका भावाला हिस्से विकलेले खत सापडले, तर समजा एका कागदात पूर्ण पिढी मिळाली.

कोर्ट जळाले असेल तर? दक्षिणेत कोर्टे खूप जळाली, युद्धात आणि त्याहून अधिक साध्या आगींत. जॉर्जियातल्या हॅन्कॉक काउंटीचे कोर्ट तर २०१४ साली जळाले. पण त्याने शोध थांबत नाही. आगीनंतर लोक घरातली मूळ खते पुन्हा नोंदवायला आणत. राज्याकडे गेलेल्या करवह्यांच्या प्रती वाचलेल्या असतात. शेजारच्या काउंटीत त्या माणसाची जमीन असेल तर तिथे त्याचे कागद असतात. जुन्या कागदांच्या सूक्ष्मपटांचा (मायक्रोफिल्मचा) मोठा भाग फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतो. त्यातली सगळीच पाने नावाने शोधता येत नाहीत, तेव्हा काउंटीच्या यादीत जाऊन पान-पान चाळायची तयारी ठेवा. मॉरो इथले जॉर्जिया आर्काइव्हज आणि माँटगोमेरीचे अलाबामाचे राज्य अभिलेखागार, दोन्ही तुमच्या उपयोगाचे आहेत. मृत्यूचे जुने दाखले जॉर्जिया आर्काइव्हजने ऑनलाइनही ठेवले आहेत.

या प्रदेशातली बहुतेक घराणी बाप्टिस्ट किंवा मेथडिस्ट. बाप्टिस्ट लोक तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करत नाहीत, त्यामुळे चर्चमध्ये जन्माची नोंद शोधू नका. त्यांच्या मासिक सभांची इतिवृत्ते शोधा. कोण सभासद झाला, कोणाला दारू किंवा भांडणासाठी समज दिली, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे कोणाला ‘पत्र देऊन’ निरोप दिला, हे त्यात असते. दुसऱ्या गावी जाणारे कुटुंब तिथल्या चर्चसाठी हे पत्र घेऊन निघायचे. एका महिन्यात चार कुटुंबांनी पत्रे घेतली असतील, तर ती चार कुटुंबे पुढच्या काउंटीत पुन्हा शेजारी सापडतात. जॉर्जियातल्या बाप्टिस्ट चर्चच्या अशा वह्यांचा मोठा संग्रह मेकन इथल्या मर्सर विद्यापीठात आहे.

स्थलांतर एकटे कोणी करत नसे. पेनसिल्व्हेनियातून शेनांडोआ खोऱ्यातून कॅरोलायनात, तिथून पूर्व जॉर्जियात, मग नवी जमीन खुली होईल तसे पश्चिमेला, ही वाट शेकडो घराण्यांनी भाऊबंद, सोयरे आणि शेजारी बरोबर घेऊन चालली. तुमच्या मूळपुरुषाचा मागचा गाव सापडत नसेल तर त्याच्या साक्षीदाराचा सापडतो का बघा. दोन भावांनी दोन सख्ख्या बहिणी केल्याचे जागोजागी दिसेल. बायकांची नावे शोधताना घरगुती रूपे ध्यानात ठेवा: पॉली म्हणजे बहुधा मेरी, पॅट्सी म्हणजे मार्था, सॅली म्हणजे सारा, पेगी म्हणजे मार्गारेट. मुलाचे मधले नाव एखाद्या आडनावासारखे वाटले तर ते आजोळचे आडनाव आहे का हे तपासा.

१८२७च्या सोडतीत विजेत्याच्या नावापुढे त्याची तेव्हाची काउंटी आहे, म्हणून ती यादी बघायलाच हवी. पण पुष्कळांनी आपले लॉट न बघताच विकले. म्हणून लॉटवर राहणारा तो विजेताच असे मानू नका. मधले खरेदीखत शोधा. १८०५च्या पहिल्या सोडतीची यादी अधिक मोलाची, कारण तिच्यात हरलेल्यांचीही नावे आहेत. त्या काळच्या नाहीशा झालेल्या खानेसुमारीची जागा ती बरीचशी भरून काढते. घराण्यात कोणी अमेरिकन क्रांतियुद्धात लढलेला असेल तर १८३२च्या कायद्याखालचा पेन्शनचा अर्ज मिळतो का बघा. म्हातारे सैनिक कोर्टात उभे राहून आपला जन्म कुठे झाला आणि नंतर कुठे-कुठे राहिलो हे स्वतः सांगत.

यादवी युद्धाच्या बाबतीत एवढे सांगते. कॉन्फेडरेट, म्हणजे दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या, सैनिकांना पेन्शन केंद्र सरकारने दिली नाही, राज्यांनी दिली, आणि म्हातारपणी तो जिथे राहत होता त्या राज्याने दिली. जॉर्जियाच्या पलटणीत लढून क्लीबर्न काउंटीत राहायला गेलेल्याचा अर्ज अलाबामात असेल. विधवेच्या अर्जात लग्नाची तारीख आणि ठिकाण असते.

आता एक गोष्ट मनापासून सांगते, आणि ती तुम्ही वगळू नये. घराणे लहान शेतकऱ्यांचे असले तरी १८५० आणि १८६०च्या गुलामांच्या याद्या तपासा. तिथे मालकाचे नाव आहे आणि खाली माणसांचे फक्त वय, लिंग आणि वर्ण. त्या माणसांना खानेसुमारीत नावानिशी जागा मिळाली ती १८७० साली. आज त्यांचे वंशज आपले पूर्वज शोधतात तेव्हा १८७०च्या मागे वाट बंद होते, आणि ती उघडणारा कागद बहुधा तुमच्या सासरच्यासारख्या घराण्याच्या मृत्युपत्रात, मालमत्तेच्या यादीत, घरच्या बायबलच्या मागच्या पानावर असतो. तिथे नावे असतात: कोणाची मुलगी कोणाला दिली, आई कुठे आणि मूल कुठे गेले. अशी नावे दिसली तर तुमच्या वंशावळीशी संबंध नाही म्हणून पान उलटू नका. जशीच्या तशी उतरवून घ्या, कागदाचा पत्ता लिहा आणि फॅमिलीसर्चवर किंवा काउंटीच्या ग्रंथालयात सर्वांना मिळेल असे ठेवा. फ्रीडमेन्स ब्युरो, म्हणजे मुक्त झालेल्या गुलामांसाठीचे सरकारी खाते, त्याचे १८६५ ते १८७२चे मजुरीचे करारही बघा. त्यात जुने मालक आणि मुक्त झालेली माणसे एकाच कागदावर नावाने भेटतात. यजमानांच्या घरच्यांना हे अवघड जाईल. पण खरी वंशावळ हवी म्हटल्यावर त्या शेतावर राहिलेली सगळीच माणसे तिच्यात आली पाहिजेत.

चेरोकी खापरपणजीची आठवण जॉर्जिया आणि अलाबामात घराघरात ऐकू येते. ती तपासण्याची जागा ठरलेली आहे. पूर्वेकडील चेरोकींना नुकसानभरपाई देण्यासाठी १९०६ नंतर अर्ज मागवले गेले आणि १९०९ साली गियन मिलर यादी झाली. पंचेचाळीस हजारांहून अधिक अर्ज आले आणि बरेच नाकारले गेले. तुमच्या घराण्यातल्या कोणी अर्ज केला होता का ते बघा. नाकारलेला अर्जही सोडू नका, कारण त्यात अर्जदाराने आजी-आजोबांची, काका-मामांची नावे आणि जन्मगावे स्वतः लिहून दिलेली असतात. अर्ज नाही, १८३५ साली घेतलेल्या चेरोकींच्या गणनेत नाव नाही, आणि ती बाई प्रत्येक खानेसुमारीत गोरी लिहिलेली आहे, असे असेल तर आठवण ‘घरात सांगतात’ म्हणून लिहून ठेवा. वंशावळीत मात्र घालू नका.

स्मशानभूमी आणि बायबल यांबद्दल थोडेसे. जुनी खासगी दफनभूमी शेताच्या कडेला, सीडरच्या झाडाखाली असते आणि तिथे कोरीव शिळेऐवजी नुसता दगड उभा असतो. तिथे जायचे तर हिवाळ्यात, झाडी आणि साप दोन्ही कमी असताना, आणि शेतमालकाला विचारून. बायबलमधल्या नोंदींचे फोटो काढाल तेव्हा शीर्षकपानाचाही काढा. बायबल १८९०चे छापलेले आणि नोंद १८४०ची असेल, तर ती नंतर आठवणीने किंवा दुसरीकडून उतरवलेली आहे.

डीएनए चाचणीचा उपयोग कागद गोळा झाल्यावर होतो. आडनावाच्या रेषेसाठी बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची चाचणी यजमानांनी किंवा त्यांच्या काकांनी करावी. बाकी शाखांसाठी सर्वसाधारण चाचणी हवी, आणि ती घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाची. चौथ्या पायरीच्या चुलत भावंडांपैकी (इंग्रजीत ‘फोर्थ कझिन’) जवळपास निम्म्यांत चाचणीला दिसेल असा समान तुकडा नसतोच, म्हणून एक पिढी वर गेल्याने फार फरक पडतो. दक्षिणेतल्या घराण्यांत एकाच माणसाशी दोन-तीन बाजूंनी नाते निघते, त्यामुळे ज्याचा डीएनए जुळतो त्याचे नाते असते त्याहून जवळचे दिसते. एका जुळणीवर विसंबू नका. वेगवेगळ्या शाखांतल्या चार-सहा जुळण्या एकाच जोडप्याकडे वळतात का ते बघा. चाचणी करणाऱ्यांना आधी स्पष्ट सांगा की घरात कोणाला ठाऊक नसलेले नातेही यातून निघू शकते, आणि त्यांची तयारी असेल तरच करा. तुम्ही लिहिले आहे की तुमच्या आतेसासूबाई नव्वदीच्या घरात आहेत आणि त्यांची स्मरणशक्ती चांगली आहे. त्यांच्याशी बोलणे या महिन्यातच करा, त्यांची हरकत नसेल तर चाचणीही त्यांचीच आधी मागवा. यजमानांची पुढच्या वर्षी केली तरी चालेल.